शांत गावाचा पाहुणा

सोनगिरीच्या राजेसाहेबांना समुद्रकाठी विसावा हवा होता. वेंगसर बंदरात गलबतं, दिवे, नाचगाणी. सुरूवाडीत नुसत्या लाटा आणि सुरूच्या बनातला वारा. आधी ते वेंगसरला गेले आणि गोंगाटाला वैतागून परतले.

"आता सुरूवाडी! हत्ती, नगारे, तोफा, सगळा लवाजमा निघू द्या," त्यांनी फर्मावलं. "आणि तिथे शांतता मिळाली नाही, तर अख्खं गाव उठवीन!"

म्हाताऱ्या आत्यासाहेब सुपारी कातरत म्हणाल्या, "गाव शांतच आहे हो. तुम्ही अजून तिथे गेलेला नाहीत ना!"

राजेसाहेब लालबुंद झाले आणि मग खुदकन हसले.

दुसऱ्या दिवशी कलत्या उन्हात एक होडी गुपचूप सुरूवाडीला लागली. वाळूत पाय पसरून बसलेल्या पाहुण्याला कोळणीने विचारलं, "राजेसाहेब येणार होते म्हणे?"

लाटा ऐकत, डोळे मिटूनच राजेसाहेब म्हणाले, "नाही आले ते. बरं झालं."