धुतलेला स्पंज

“अकरा महिने झाले चाचा, आणखी किती दिवस मी मागं बादल्याच उचलायच्या?”

दस्तगीर मुजावरांनी मान वर केली नाही. जुन्या एटीएम कार्डानं ते टाकीच्या काचेवरचं शेवाळ खरवडत होते.

“तीन नंबरचं पाणी बदललंस?”

“सकाळीच बदललं. मी विचारलं त्याचं काय?”

“ऐकलं मी.”

…

मिरजेत लक्ष्मी मार्केटच्या मागच्या बोळात चाचांचं रंगीत माशांचं दुकान. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक, मागच्या खोलीत टाक्या, पंप, बादल्या आणि यशोधन.

हा यशोधन बत्तीस वर्षांचा, प्राणिशास्त्राचा पदवीधर. आठ वर्षं त्यानं औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांचे उंबरे झिजवले. मग एक दिवस बॅग ठेवली आणि चाचांपुढं येऊन उभा राहिला. मला हे शिकायचंय म्हणाला. बायकोनं आठ दिवस अबोला धरला. सासऱ्यांनी “आता मासे विकणार?” म्हणून कपाळावर हात मारला. पण गडी हटला नाही.

चाचांना मूलबाळ नव्हतं आणि गुडघ्यांनी कधीच राम म्हटला होता. पुढची खोली ते ज्याच्या हाती देतील, उद्या दुकान त्याचं, हे सगळ्या बोळाला ठाऊक होतं. यशोधनलाही ठाऊक होतं.

हुशार होता, त्यात वाद नाही. कुठला मासा कुठल्या नदीतला, त्याला कुठलं पाणी मानवतं, कुठला रोग कशानं होतो, सगळं तोंडपाठ. विचारायचा अवकाश, की झालं सुरू. न विचारताही व्हायचं.

“मला काय येत नाही ते तरी सांगा,” तो म्हणाला.

चाचांनी कार्ड लुंगीला पुसलं.

“आज जुम्मा आहे. मी नमाजाला जातो. दुपारी एक बाई येतील, खराडे म्हणून. या नादात नव्या आहेत. त्या तुझ्या.”

यशोधन पुढं सरकला. “माझ्या?”

“महिन्यानं त्यांचे मासे जिवंत असले, तर पुढची खोली तुझी.”

चाचा पायऱ्या उतरता उतरता थांबले.

“आणि हे बघ… कोपऱ्यातल्या जुन्या टाकीत पाणी गाळायचा स्पंज आहे ना, तो अर्धा कापून त्यांना दे. त्यांच्या टाकीत बसवू देत. बाकी तुझं तू बघ.”

…

विजयमाला खराडे साडेबाराच्या ठोक्याला हजर. चोवीस वर्षं एसटीत कंडक्टर होत्या, मिरज-जत गाडीवर. मार्चमध्ये निवृत्त झाल्या. आवाज अजून गाडीतलाच, मागच्या सीटपर्यंत पोचणारा.

“दोनदा आणले, दोनदा मेले,” त्या बसता बसता म्हणाल्या. “दुसरीकडनं आणले होते, तुमच्याकडनं नव्हे. आता ही तिसरी खेप. हेही मेले तर टाकी भंगारात घालणार. शप्पथ.”

“मासेच का पाळायचेत तुम्हाला?” हे यशोधननं विचारायला हवं होतं. त्यानं विचारलं नाही. बाईंनीच सांगितलं.

“चोवीस वर्षं काचेतनं सगळं पळतंच दिसायचं बघा. आता घरात एकटी बसते. पंखा सोडला तर काही हलत नाही. जीव नुसता कोंडतो.”

“तुमचे मासे का मेले ते मी सांगतो,” यशोधन म्हणाला आणि त्यानं कागद ओढला.

मासा पाण्यात घाण करतो, त्या घाणीतून अमोनिया होतो, अमोनिया माशाला जाळतो. मग एक जीवाणू येतो, नायट्रोसोमोनास. तो अमोनिया खातो. त्याचं जे होतं ते दुसरा जीवाणू खातो, नायट्रोबॅक्टर. इकडून बाण, तिकडून बाण, मधे गोल. चाळीस मिनिटं चाललं. सगळं बरोबर होतं हो, एक अक्षर चुकीचं नव्हतं. बाई मान डोलवत होत्या आणि खुर्चीत हळूहळू मागं सरकत होत्या.

“मग मी नेमकं काय करू?”

“तेच तर सांगतोय,” म्हणून यशोधननं आणखी एक बाण काढला.

शेवटी त्यानं दोन गोल्डफिश निवडून पिशवीत भरले आणि स्पंज आणायला मागं गेला.

जुन्या टाकीतनं स्पंज बाहेर काढला तर… शी! काळाकुट्ट. बुळबुळीत. हातात धरला तर बोटांमधनं चिखल ओघळला. नाल्यासारखा वास.

हे गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचं? पहिल्याच गिऱ्हाईकाच्या? आठ वर्षं इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस तो. त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि चाचांचीही थोडी वाटली. त्यानं स्पंज अर्धा कापला, नळाखाली धरला, पिळला, परत धरला, परत पिळला. तीन वेळा. पाणी निवळशंख येईपर्यंत सोडला नाही. मग कोऱ्या पिशवीत घालून वर गाठ मारली.

“हा नवाच दिसतोय की,” बाई खूश होऊन म्हणाल्या.

“आमच्याकडं असंच काम असतं,” यशोधन म्हणाला.

…

मंगळवारी संध्याकाळी त्या परत आल्या.

या वेळी आवाज नव्हता. काखेत स्टीलची कळशी होती. ती त्यांनी काउंटरवर अलगद ठेवली आणि पदर तोंडाला लावला.

कळशीत दोन्ही मासे अगदी वरती, तोंडं पाण्याबाहेर काढून उघडमीट करत होते. एक जण तर कुशीवर कलला होता.

चाचा स्टुलावर बसून होते.

“खाणं जास्त घातलंत?” यशोधननं घाईघाईनं विचारलं.

“तू सांगितलंस तेवढंच. आठ दाणे, दोन वेळा. मोजून घालते. मोजण्यात चूक नाही व्हायची माझी.”

“पाण्यात काही पडलं का? साबण? अगरबत्तीची राख?”

“नाही रे बाबा. तू सांगितलंस तसंच केलं.” त्यांनी पर्समधनं घडी घातलेला कागद काढला. तोच, बाणांचा. “हा फ्रीजवर चिकटवला होता. रोज वाचत होते. कळत नव्हतं, पण वाचत होते.”

यशोधनला कागदाकडं बघवेना.

“आणि हे पण आणलंय,” बाई म्हणाल्या. “म्हटलं, यात काही खोट असंल तर दाखवावं.”

त्यांनी स्पंज काढून चाचांच्या हातात दिला.

चाचांनी तो उलटा केला. सुलटा केला. नाकाशी नेला.

“…हा कुठला?”

“जुन्या टाकीतला,” यशोधन म्हणाला. “तुम्ही सांगितलात तोच.”

“माझ्या टाकीतला काळा असतो.”

“धुतला ना. चांगला तीन वेळा. साबण-बिबण काही नाही हं, नुसता नळाखाली धरून स्वच्छ…”

वाक्य तोंडातच राहिलं.

नळाखाली. जंतू मारायचं औषध घातलेल्या पाण्याखाली. ज्या दोन जीवाणूंची नावं त्यानं बाईंना चाळीस मिनिटं ऐकवली होती, ते राहत कुठं होते? त्या काळ्या चिखलात. तिसऱ्या पिळ्यापर्यंत त्यातला एकही उरला नसणार.

…

चाचा रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, गुडघ्यावर हात देत मागच्या खोलीत गेले, जुन्या टाकीतलं मगभर पाणी आणून कळशीत हळूच ओतलं. थोडं थांबले. आणखी थोडं ओतलं.

“काय झालं ते सांगाल का कुणी?” बाई म्हणाल्या. “माझं काय चुकलं?”

चाचांनी यशोधनकडं पाहिलं.

पळवाटा हव्या तेवढ्या होत्या. उन्हाळा आहे, नळाचं पाणी कडक आहे, मासाच अशक्त निघाला… आठ वर्षं त्यानं असली वाक्यं डॉक्टरांच्या तोंडावर फेकली होती. आणि खरं बोललं तर पुढची खोली गेली, दुकान गेलं, सासऱ्यांचं म्हणणं खरं ठरलं.

त्यानं बाईंकडं पाहिलं.

“तुमचं काही चुकलं नाही. चूक माझी आहे. मासे माझ्यामुळं असे झालेत.”

कळशीत कुशीवर कललेला मासा एकदा थरथरला आणि पोट वर करून तरंगू लागला.

बाईंनी डोळे मिटून घेतले. यशोधनला वाटलं, आता ही बाई उठेल, आणि टाकी खरंच भंगारात जाईल.

“सांग त्यांना,” चाचा म्हणाले. “पहिल्यापासनं.”

“नायट्रो…” यशोधननं सुरुवात केली आणि तो गप्प झाला.

चाचा परत मागं गेले. आले ते जुन्या टाकीतला उरलेला अर्धा स्पंज घेऊन. पाणी गळत होतं, फरशीवर काळे थेंब पडत होते. यशोधनचा हात ओढून त्यांनी तो तळव्यावर ठेवला आणि वरून त्याची मूठ आवळली. बोटांच्या फटीतनं चिखल मनगटापर्यंत आला, शर्टाच्या बाहीत शिरला.

“आता सांग.”

…

यशोधननं त्या हाताकडं पाहिलं. मग त्यानं बाईंना पहिल्यांदाच त्यांच्या घरातला एक प्रश्न विचारला.

“काकी, तुम्ही घरी दही लावता?”

“म्हणजे काय! विकतचं कोण खातंय?”

“कशानं लावता?”

“कशानं म्हणजे? कालचं चमचाभर विरजण घालायचं दुधात…”

बाई थांबल्या. त्यांनी काळ्या स्पंजाकडं पाहिलं. मग काउंटरवरच्या त्या धुतलेल्याकडं पाहिलं. मग यशोधनकडं.

“अरे मेल्या, तू मला विरजण धुऊन दिलंस होय रे?”

यशोधननं मान हलवली.

आणि त्या हसल्या. डोळ्यांत पाणी होतं, समोर मासा मरून पडला होता, तरी गाडीभर ऐकू जाईल अशा हसल्या. चाचाही गालात हसले. यशोधनला मात्र हसू आलं नाही.

“म्हणजे नव्या टाकीत नुसतं पाणी ओतून भागत नाही,” बाई स्वतःशीच बोलाव्या तशा बोलल्या. “जुन्या टाकीतलं थोडं घालायचं, मग तिचं ती लावून घेते. एवढंच ना? मग हे सांगायला चाळीस मिनिटं कशाला घेतलीस?”

यशोधननं कात्री घेतली, काळ्या स्पंजाचा अर्धा तुकडा कापला आणि जुन्या टाकीच्याच पाण्यात बुडवून बरणीत भरला. नळाकडं गेला नाही.

“घरी गेल्यावर टाकीतलं अर्धं पाणी काढा,” तो म्हणाला. “काल भरून ठेवलेलं, औषध उडून गेलेलं पाणी असेल तर ते घाला. नसेल तर इथनं दोन कॅन देतो. स्पंज आहे तसा बसवा. मी रोज संध्याकाळी येऊन बघून जाईन, आठ दिवस.”

“राहिलेला जगेल?”

यशोधननं चाचांकडं पाहिलं. चाचा छताकडं बघत होते.

“मला माहीत नाही, काकी,” तो म्हणाला. “पण मी प्रयत्न सोडणार नाही.”

बाईंनी कळशीत डोकावून पाहिलं. उरलेला मासा वरनं थोडा खाली गेला होता. तोंडाची उघडमीट चालूच होती, पण आता पाण्याच्या आत.

“बघू या की,” त्या म्हणाल्या आणि कळशी काखेत घेतली. “घाटात बंद पडलेली गाडीसुद्धा मी माघारी नेलेली नाही कधी. चल, ते कॅन रिक्षात ठेव.”

…

यशोधन रिक्षापर्यंत जाऊन आला. मेलेला मासा त्यानं कुंडीतल्या मातीत पुरला. मग चाचांसमोर उभा राहिला. हात चिखलानं काळे होते, शर्टाची बाही वाया गेली होती.

“तो माझ्यामुळं मेला.”

“हो.”

“मला माहीत होतं, चाचा. सगळं माहीत होतं. नावंसुद्धा मीच सांगितली त्यांना…”

पंपांची घरघर तेवढी चालू होती.

“मी मागंच राहतो,” यशोधन म्हणाला. त्याची नजर खाली नव्हती. “आणखी अकरा महिने. दोन वर्षं लागू देत, पाच लागू देत. तुम्ही हाकललंत तरी पायरीवर बसेन. पण हे काम आल्याशिवाय मी इथनं जाणार नाही.”

…

बाहेरच्या पायरीवर चपला वाजल्या. कुणीतरी दारातनं आत डोकावलं.

“मासे पाळायचेत… पण आम्हाला त्यातलं काहीच कळत नाही हो. कुणी आहे का?”

यशोधन घाईनं मोरीकडं वळला. त्यानं नळाला हात घातला.

चाचांनी मागनं त्याचं मनगट धरलं.

“हात धुऊ नकोस. पुढं जा.”