चालण्याचे एकशे बेचाळीस शब्द

“म्हणजे तुम्ही मला नाही म्हणताय का, बाबा?”

उपळेकर सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. सोमगीरबाबा बाभळीच्या सावलीत बसून टाचेत रुतलेला काटा काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“नाही कुठं म्हनलं? माईंनी हो म्हनलं की झालं.”

माई म्हणजे सरांच्या पत्नी, कुमुदताई. त्या जरा बाजूला बसून पदरानं तोंड पुसत होत्या. आल्यापासून तांब्याभर पाणी पिण्यापलीकडे त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

बाबांचा पंथ चालणाऱ्यांचा. एका गावी तीन रात्रींच्या वर राहायचं नाही आणि कुठल्या वाहनात बसायचं नाही. लग्न झालेला माणूस पंथात घ्यायचा तर त्याच्या बायकोनं स्वतःच्या तोंडानं हो म्हणायचं, हाही एक नेम होता. सरांना हा नेम अंमळ जाचकच वाटला. पण दीक्षा हवी तर करता काय?

दिगंबर उपळेकर बत्तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाले होते. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली. घरात उरली ही दोघं. त्यातला एक उद्या पहाटे बाबांच्या मागं कायमचा निघणार होता आणि दुसरीनं त्याला हो म्हणायचं होतं. त्यासाठीच सरांनी तिला फाट्यावर एसटीतून उतरवलं आणि नदीचं पात्र ओलांडून इथवर आणलं, साक्षीदाराला कोर्टात न्यावं तसं.

“बाबा, चालणं हा माझा आजचा नाद नाही,” सरांनी पिशवीतून जाडजूड वही काढली. “आमच्या कॉलेजात एक इंग्रजीचे प्राध्यापक होते. ‘वॉक’ला आमच्याकडे किती शब्द आहेत म्हणून शेखी मिरवायचे. मी म्हटलं, मराठी काय वांझोटी आहे? चालण्याचे शब्द गोळा करायला घेतले. आज एकशे बेचाळीस झालेत.”

“एकशे बेचाळीस?”

“हो.”

“अन् पाय दोनच.”

सर हसले. पण त्यांना ते फारसं आवडलं नाही.

“वाचा की थोडे, मास्तर.”

‘मास्तर’ तर अजिबात आवडलं नाही. तरी वही उघडल्यावर त्यांचा आवाज आपोआप वर्गातला झाला. “लेकरू दुडुदुडु चालतं. घाईचा माणूस झपझप जातो, रिकामटेकडा उंडारतो, म्हातारा खुरडतो. जेवण झालं की शतपावली. जिवाला घोर लागला की येरझाऱ्या. मग पायपीट, रखडपट्टी, नोकरीसाठी वणवण…”

वणवण म्हटल्यावर कुमुदताईंनी वर पाहिलं. लग्नानंतरची दोन वर्षं सरांनी वणवण केली होती, आणि ती काही एकट्यानं केली नव्हती. सर पुढचं पान उलटत होते.

“अन् माई कशा चालतात?” बाबांनी विचारलं.

“ही? ही रेंगाळते.” सरांनी शब्द शोधायला वहीसुद्धा पाहिली नाही. “आता येतानाच बघा ना. दर शंभर पावलांवर मला मागं वळून पाहावं लागत होतं. पाहावं तर ही आपली उभी! पुन्हा वळावं, पुन्हा उभी! लग्न झाल्यापासून हेच चाललंय. माझ्या पायांना भिंगरी आणि हिच्या पायांत मणामणाचे दगड. तुमची वाट हिला झेपायची नाही, बाबा. म्हणून तर एकटा येतोय.”

“खरं हाय का, माई?”

“असेल,” कुमुदताई म्हणाल्या. “चालण्यातलं यांना कळतं.”

बाबा पहिल्यांदाच हसले. वरच्या फांदीवर एक होला घुमत होता.

“मग काय म्हनता? जाऊ द्यायचं का यांना?”

कुमुदताईंनी सरांकडे पाहिलं. सरांचं लक्ष बाबांकडे होतं.

“पहाटेच निघायचंय का हो?”

“हो. उन्हाच्या आत बरंचसं अंतर कापायचं असतं,” सर म्हणाले.

“मी हो म्हणते, बाबा.” त्या थांबल्या. “पण हे यांनी मला घरीच विचारलं असतं, तरी मी हो म्हटलं असतं. इथवर आणायची गरज नव्हती.”

एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. त्यांना फार वाईट वाटलं होतं आणि ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. सरांनी मात्र ते पाहिलं नाही. त्यांचं घोडं गंगेत न्हालं होतं.

“झालं तर मग, बाबा! आता दीक्षा…”

“थांबा की. चाल बघू द्या तुमची.”

“आत्ता?”

“आत्ता कशाला? चालून आलात न्हवं का?”

बाबा काठी टेकत नदीत उतरले. मागोमाग सर, आणि त्यांच्या मागं कुमुदताई. चैत्रामुळे पात्रात मधली बारीक धार तेवढी उरली होती. धार ओलांडायची म्हणून दोघांनीही येताना चपला हातात घेतल्या होत्या. धारेच्या काठच्या ओल्या वाळूत दोघांची अनवाणी पावलं जशीच्या तशी होती.

“ही तुमची.”

सरांची पावलं रेघ मारल्यासारखी सरळ आली होती. एकेक ढांग भलीमोठी, टाच खोल रुतलेली. सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

“अन् ही माईंची… टाच दावा बरं यातली.”

सर वाकले. एका पावलात टाच नव्हती. पुढच्यातही नव्हती. नुसते चवडे उमटले होते आणि बोटांनी वाळू मागं उडालेली होती. सर तसेच वाकून चार-सहा पावलं मागं मागं गेले.

तिथं दोन्ही पावलं जोडून उमटली होती. त्यांना टाचा होत्या. आणि पुढं पुन्हा नुसते चवडे.

“ही तर…” सर उठून बायकोकडे वळले.

“तुम्ही वळलात की मला वाटायचं, आता थांबतील,” कुमुदताई म्हणाल्या. “म्हणून मीही दम खायची. मग तुम्ही निघायचात.”

“तू कधी हाक का मारली नाहीस?”

“धावताना हाक कुठून निघणार?”

सर तिथंच वाळूत उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना शरम वाटत होती, आणि ती कुठं ठेवावी तेही कळत नव्हतं.

बाबाही बराच वेळ त्या पावलांकडे पाहत राहिले… वाकून त्यांनी एका चवड्याच्या खुणेवर तळहात ठेवला. तो लगेच उचलला नाही.

“बाबा,” सर हळू आवाजात म्हणाले, “मग दीक्षेचं?”

बाबांनी आपली काठी कुमुदताईंच्या हातात दिली.

“माई, परत जाताना तुम्ही पुढं व्हा. मास्तर, घरापतुर यांच्या मागनं जायचं. यांच्या पुढं पाऊल टाकायचं न्हाई.”

“आणि घरी पोचल्यावर?”

“तेवढं जमलं तर सांगावा धाडा, मास्तर… मीच येईन, तुमच्याकडनं दीक्षा घ्यायला.”