चंपाआत्याच्या चुलीचा धूर

"...पण बुवा, जाळीत खोट नाही, गणितात खोट नाही, मग धूर चुकतो कुठे?"

जाळीबुवांनी मिटलेले डोळे मिटलेलेच ठेवले.

हे जाळीबुवा बेळगाव रस्त्याजवळच्या एका बोडक्या टेकडीवर धुनी पेटवून बसत. पूर्वाश्रमी ते एका कंपनीत वाहत्या हवेची आणि पाण्याची गणितं संगणकावर सोडवत. एकदा म्हणे एक गणित सुटेपर्यंत संगणक इतका तापला, की शेजारच्या टेबलांवरच्या बायकांनी त्यावर पापड भाजून घेतले. मी तिथे नव्हतो. पण त्यातला पापड खाल्लेला माणूस मला भेटलेला आहे, आणि मीठ कमी होतं असं तो म्हणाला.

बाकीचे साधू गंडेदोरे देतात, हे जाळ्या तपासून देत. खोलीतल्या हवेचे संगणकात बारीक बारीक तुकडे पाडायचे आणि एकेका तुकड्याला विचारायचं, शेजाऱ्याकडून तुझ्याकडे काय आलं, तू पुढे काय ढकललंस. या तुकड्यांच्या विणीला म्हणतात जाळी. वीण वाकडी झाली की उत्तर भलतीकडे पळत सुटतं, आणि उत्तर पळालेला माणूस टेकडी चढतो.

त्या दिवशी बुवा दमले होते. सकाळी आलेल्या एकाने मिलिमीटरचे आकडे मीटर म्हणून भरले होते. त्याची नळी तालुक्याएवढी झाली होती. दुसऱ्याने टाकीत पाणी सोडलं होतं, बाहेरची वाट ठेवायला विसरला होता, आणि वर रडत होता की दाब वाढतोय.

आणि आता हा भूपाल मगदूम. टेकडी चढून धाप लागलेली, पण मान ताठ.

"नीट सांग," बुवा म्हणाले.

भूपालची चंपाआत्या इचलकरंजीत खानावळ चालवते. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, भाकऱ्या थापून इंजिनियर केलं. चूल लाकडाची, कारण गॅसवरची भाकरी तिचं गिऱ्हाईक ताटातून बाजूला सारतं. डॉक्टरांनी तिला बजावलं, धूर थांबवा, नाहीतर चूल सोडा, छाती उरायची नाही. चूल सोडायची म्हणजे खानावळ सोडायची. आत्याने ते ऐकून घेतलं आणि डॉक्टरांनाच जेवायचं आमंत्रण देऊन आली.

धूर घालवायचं काम भूपालने अंगावर घेतलं. गणित मांडलं. चुलीपलीकडच्या भिंतीत पंखा बसवला. आत्याच्या पाठीमागच्या खिडकीतून हवा आत येणार, चुलीवरून जाणार, धुराला घेऊन पंख्यातून बाहेर पडणार.

"संगणकात धुराचा कण उरत नाही, बुवा. आणि आत्या म्हणते..."

"काय म्हणते?"

"'भूपाल, तुझा पंखा लई गुणाचा हाय. सगळा धूर गोळा करून माझ्याच तोंडाशी आणून देतोय.'"

बुवा हसले नाहीत. हसायलाही त्राण लागतं.

"मापं?"

"मीटरमध्ये."

"खिडकी उघडी?"

"उघडी."

"पंखा कुठल्या बाजूला फेकतो?"

"बाहेर. बुवा, मी काही पहिल्या वर्षाचा पोरगा नाही."

"विस्तवाची उष्णता धरलीस?"

"धरली."

"जाळी आणखी बारीक केलीस तर?"

"केली. पुन्हा केली. उत्तर जागचं हलत नाही. वाकडा म्हणावा असा एक तुकडा नाही त्यात. बघा ना तुम्हीच!"

भूपालने लॅपटॉप पुढे केला. बुवांनी तो पाहिला नाही.

"पहिल्यापासून नव्हता?"

"काय?"

"वाकडा तुकडा."

"...होते. सुरुवातीला पुष्कळ होते. गणित जरा चालायचं आणि कोसळायचं."

"कुठे होते?"

"सगळे एकाच जागी. चुलीसमोर."

"तिथे काय होतं?"

भूपालने शर्टाच्या बाहीने लॅपटॉपची कड पुसली.

"आत्या."

...

"नाक, कान, बोटं, पदराच्या चुण्या... तिथे वीण फाटायचीच, बुवा. काय काय करून पाहिलं. शेवटी आत्याला काढून टाकलं."

"मग?"

"मग एकदम सुरळीत चाललं."

बुवा गुडघ्यावर हात टेकून कसेबसे उठले. भूपालचा दंड धरला आणि त्याला धुनीसमोर, वाऱ्याकडे पाठ करून बसवलं.

वारा पाठीवरून येत होता. धुराने पुढे दरीकडे जायला हवं होतं. तो अर्ध्यातून वळला आणि भूपालच्या नाकातोंडात शिरला.

"ऊठ. बाजूला हो."

भूपाल डोळे चोळत बाजूला झाला. धूर शहाण्या मुलासारखा सरळ दरीकडे निघाला.

"बस."

धूर मागे फिरला.

"ऊठ."

धूर दरीकडे.

"बस..."

"कळलं, बुवा, कळलं! वारा माझ्या अंगाला वळसा घालतो आणि पुढ्यात गिरकी मारतो. धुराला तोंडाशी मीच ओढतोय. तिथे कुणीतरी आहे म्हणूनच तो..."

पुढचं वाक्य खोकल्यात गेलं. हा खोकला तो लहानपणापासून ऐकत आला होता, फक्त स्वतःच्या छातीतून आज पहिल्यांदा.

...

पण इंजिनियर माणूस. डोळे पुसून झाले तसा त्याचा आवाज परत आला.

"तसं सोपं आहे, बुवा. बोटं, चुण्या सोडून देतो. एक ढोबळ बाई उभी करतो, वीण धरेल. मग खिडकी, पंखा, सगळं नव्याने मांडतो. आजच बसतो."

"चांगलं आहे. उंची किती धरशील?"

"आत्याची?"

भूपालचा हात आपसूक स्वतःच्या खांद्याशी गेला. थोडा खाली आला. पुन्हा वर गेला... आणि तिथेच हवेत राहिला.

"...सरासरी धरतो. बायकांची सरासरी उंची मिळते, बुवा."

बुवा परत आपल्या जागेवर जाऊन बसले. डोळे मिटले.

"सरासरी बाई खोकत नाही, बाळ."