ठकूबाईचा आडोसा

या पंचक्रोशीतल्या सगळ्या आख्यायिका मला तोंडपाठ आहेत. म्हणजे निम्म्या आहेत. उरलेल्या मी जुळवतो, आणि लोक नेमक्या त्याच पुन्हा सांगायला लावतात. ही मात्र पहिल्या निम्म्यातली, तेव्हा नीट बसून ऐका.

फार वर्षांपूर्वी, कातळवेढ्याला धड रस्ताही नव्हता तेव्हा, आमच्या गावात ठकूबाई नावाची सुईण होती. गाव सगळं उघड्या कातळावर. झुडूप म्हणून औषधाला नाही. बाप्यांनी कुठंही भिंतीकडं तोंड केलं की मोकळे. बायांनी मात्र जायचं ते उजाडायच्या आत, नाहीतर दिवस मावळल्यावर. म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नसत. मग घरोघर उन्हाळी लागायची. सारखं लघवीला जावंसं वाटायचं, व्हायचे दोन थेंब, आणि तेही विस्तवासारखे. त्यावर सासवांचा उपाय काय, तर पाणी आणखी कमी कर! हुशारीत आमचं गाव पहिल्यापासून पुढं.

ठकूबाई धने भिजवलेलं पाणी पाजायची, तांब्यामागून तांब्या. पण त्याआधी ती बाईच्या पाठीला, बरगडीखाली, मुठीनं हलकेच ठोकायची. नुसती जळजळ असली तर बाई हसायची. ओरडली, की ठकूबाईचं तोंड उतरायचं. तिच्या मुठीला आतलं दिसायचं, असं म्हणतात.

एका सकाळी रंगराव पाटलाची नवी सून गजरा थंडी वाजून तापानं फणफणली. ठकूबाईनं लघवी बघितली, तर गढूळ, लालसर. पाठीला मूठ लावली. गजरा किंचाळली. ठकूबाईनं तांब्या पुढं केला तर पोर म्हणाली, "नको मावशी, पाणी नको. अजून दिवस मावळायचाय."

ठकूबाई तडक पारावर गेली. "दुखणं वर गुरद्यात चढलंय, पाटील. हे माझ्या धने-पाण्याच्या आवाक्यातलं नाही. गाडी जुंपा, तालुक्याच्या डॉक्टरकडं न्या. आज नेली नाही तर पोर हाती लागायची नाही."

"असल्या दुखण्यापायी सुनेची वरात काढू? गाव हसंल मला!"

पारावरचे सगळे खरंच हसले. त्यात माझे आजोबा सगळ्यांत मोठ्यानं.

"हसा," ठकूबाई म्हणाली. "पण गजरा गाडीत बसेपर्यंत, आणि बायांसाठी पुरुषभर उंच आडोसा उभा राहीपर्यंत, या गावात एकाही बाप्याला लघवी होणार नाही."

आणि तसंच झालं, असं म्हणतात. मोठमोठे मानकरी भिंतीशी जाऊन उभे राहिले आणि तसेच माघारी आले. पाय एकमेकांत आवळत रंगरावानं स्वतः बैल जुंपले. ठकूबाई गजराचं डोकं मांडीवर घेऊन गाडीत बसली, आणि सात कोसांची वाट बैलांनी एका दमात तोडली. डॉक्टरनं काचेच्या नळीत लघवी तपासली, सुया टोचल्या आणि विचारलं, "आधी ओळखलं कुणी हे?" ठकूबाईनं नुसती मूठ दाखवली.

इकडं जन्मात दगड न उचललेले लोक दगड घेऊन पळत होते. दुपारी शेवटचा चिरा बसला, आणि कोरडा ओढा दुथडी भरून वाहिला, असं म्हणतात. मी जास्त खोलात जात नाही.

पंधरा दिवसांनी गजरा आपल्या पायांनी घरी आली.

आता घरोघर संडास झालेत, तरी आडोसा उभाच आहे. नवी नवरी आली की सासू तिला देवघराआधी तिथं नेते आणि भरला तांब्या हातात देते. आणि माघातल्या दुसऱ्या सोमवारी गावातले बाप्ये त्या भिंतीला चुना लावतात. उजाडताच सुरुवात करायची, आणि शेवटचा हात फिरेपर्यंत कुणी लघवीला जायचं नाही. बाया समोर बसून ताक पितात आणि बघतात.

यंदा मी आमच्या सरपंच सुलभाताईला म्हटलं, "ताई, माझी ऐंशी उलटली. मला तेवढी यातनं सूट दे की."

तिनं चुन्याची बादली माझ्या पुढ्यात ठेवली. "आबा, आमच्या आज्यांनी लग्न झाल्यापासून मरेपर्यंत धरलं. तुमच्याच्यानं दुपारपर्यंत धरवंना?"