चाळीस बिळं

फार मागं, नदीकाठच्या दरडीत एका गाभण उंदरिणीला पुराआधी बीळ खोदायचं होतं. शेजारची म्हातारी साळिंदर म्हणाली, "आधी जुनी बिळं बघून ये."

संध्याकाळी उंदरीण फुशारली, "चाळीस बघितली, आजी!"

"बघितलीस की मोजलीस? मोजायला अक्कल लागत नाही. बुडाली कुठली, का बुडाली, ते सांग."

उंदरीण मान खाली घालून परत गेली. एकेका बिळात शिरून तिनं भिंतीवरची गाळाची रेघ हुंगली. सगळी बुडालेली, सगळ्यांची तोंडं नदीकडं होती. दरडीतल्या मोठ्या खडकामागं, पाण्याच्या आडोशाला, कुणी खोदलंच नव्हतं. तिनं तिथं खोदलं.

पूर आला. पिल्लं कोरडी राहिली.

पुढच्या वर्षी दुसरी गाभण उंदरीण दाराशी आली.

"ये बाई, माझंही आतून बघ," पहिली म्हणाली. "मागची भिंत ओल धरते. तू याहून बरं खोद."