वीतभर सरदार

खैरगडच्या महाराजांना होऊन गेलेल्या लढाया मेजावर पुन्हा मांडून खेळायचा नाद होता. खिंडीतल्या परवाच्या लढाईचा पट मांडा, तो पाहूनच सेनापती नेमू, असं त्यांनी जाहीर केलं. लगेच सरदार हैबतराव मिशा पिळत सगुणा चितारणीच्या दारात हजर झाले.

सगुणाने लाकडी शिपायांचे दोन नमुने पुढे ठेवले. "नखाएवढे घेतले तर अख्खी फौज मावेल, पण तोंडं दिसायची नाहीत. वीतभर घेतले तर मिशीसुद्धा रंगवीन, पण मेजावर वीसच उभे राहतील. कुठले करू?"

"फौज नखाएवढी कर, आणि मला वीतभर."

"सरकार, एका पटावर एकच माप लागतं."

"मला माप शिकवतेस? सांगितलं तेवढं कर, नाहीतर उद्यापासून या गावात दिसायची नाहीस."

सगुणाने सांगितलं तेवढंच केलं.

दरबारात पट मांडला. मुंग्यांएवढ्या फौजेच्या कडेला मिशाळ हैबतराव खांबासारखे उभे. महाराजांनी कपाळाला आठ्या घातल्या. "सगुणा, तुझं माप चुकलं की काय?"

"नाही महाराज," ती हात जोडून म्हणाली. "जवळचं मोठं दिसतं, लांबचं बारीक. सरदार एवढे मोठे दिसतात, त्यावरून लढाई त्यांच्यापासून किती कोस लांब चालली होती ते कळतं."

खिंडीत लढून आलेले शिपाई दाराशी उभे होते. ते आधी खोकले, मग हसले. महाराजांनी वीतभर हैबतराव उचलून राजकन्येच्या भातुकलीत पाठवले आणि सेनापती नखाएवढ्यांतूनच निवडला.