बोडक्या डोक्यांचे तळे

पाहुणे, आसनखिंडीच्या या तळ्यावर पायांत वहाणा असल्या तरी चालतील, पण डोक्यावरची टोपी आधी काढा. फेटा असो, पागोटे असो, नाहीतर हवालदाराची टोपी असो, ते त्या बाभळीला अडकवायचे आणि मगच पाण्याला हात लावायचा. यात देवाधर्माचे काही नाही. ही रीत एका बाईच्या संतापातून पडली, असे सांगतात.

फार जुनी गोष्ट. त्या साली तळे पार तळाला गेले होते. पाटलाने रोज घरटी एक घागर ठरवून दिली होती. मग त्याला पंधरा दिवस परगावी जावे लागले, तेव्हा जाताना त्याने आपले पागोटे मेंढरे राखणाऱ्या गोमाजीच्या डोक्यावर ठेवले. गोमाजी इतका मवाळ की मेंढरे हाकतानाही त्याचा आवाज चढत नसे. हा कुणावर अन्याय करणार नाही, म्हणून त्याची निवड झाली. त्याची बायको राही त्या दिवशी हरखून गेली होती म्हणे.

पहिल्या दिवशी "एकच घागर हं, बाई" म्हणताना त्याची जीभ अडखळली. तिसऱ्या दिवशी तो खाकरून बोलू लागला. पाचव्या दिवशी त्याला बसायला उंच दगड लागला. आणि गावाचे तरी काय सांगावे! काल ज्याला 'ए गोम्या' म्हणून हाक मारत होते, त्याच्यापुढे बाप्ये माना खाली घालून उभे राहू लागले. कुणी सांगितले होते का त्यांना? कुणीच नाही. राहीसुद्धा घरात नवऱ्यापुढे दबकून वावरू लागली.

आठव्या दिवशी शेजारची ठकू बाळंत झाली. अंग तापाने फणफणलेले आणि घरात पाण्याचा थेंब नाही. राही तिच्यासाठी दुसरी घागर भरायला गेली, तर गोमाजीने काठी आडवी घातली.

"ठकूच्या घरची घागर सकाळीच गेली."

"अवो, बाळंतीण हाय ती. तुमी वळखता न्हवं तिला?"

"हितं वळख चालत न्हाई," म्हणत त्याने काठी हाणली. घागर फुटली. काठावर चाळीस माणसे उभी होती. चाळीस! एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. आणि राही? तीही खापऱ्या पदरात गोळा करून मुकाट घरी परतली. नवऱ्याच्या काठीपेक्षा आपले ते परत फिरणेच तिला जन्मभर जाळत राहिले, असे सांगतात.

दुसऱ्या दिवशी ठकू गेली.

मग राही तळ्यावर आली ती सरळ त्या दगडापाशीच. भर गर्दीत तिने पागोटे हिसकले आणि पाण्यात भिरकावले.

"घागर फोडाया पाटलानं सांगितलं हुतं का?"

गोमाजी दगडावरून खाली उतरला. "न्हाई गं. पाटील असता तर त्यानं फोडलीच असती, असं वाटलं मला."

पाटील परत आल्यावर त्याने सगळे ऐकून घेतले. "अरं, बाळंतिणीला म्या कवा अडवलं हुतं?" एवढेच तो म्हणाला.

लोक तुम्हाला सांगतील, पागोटे झपाटलेले होते. साफ खोटे! पागोटे म्हणजे चार हात कापड. ठकूला मारले ते एका काठीने आणि चाळीस खाली घातलेल्या मानांनी.

म्हणून आजही इथे डोके उघडे लागते आणि मान ताठ लागते. गेल्या उन्हाळ्यात जीपमधून एक साहेब आले. टोपी काढायला कुरकुरले, पण काढली. त्यांचा ड्रायव्हर मात्र मागे मान खाली घालून उभा होता. घागर भरणारी बाई साहेबांना सोडून त्याच्यावरच कडाडली, "तू आधी मान वर कर, मगच दोघांना पाणी मिळंल."